पुनाखा झोंग: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

किल्ला कसा बघावा हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. महादरवाजातून शिरायचं, तटावरून फेरी मारायची, बालेकिल्ल्यावर बसून डबा सोडायचा. भूतानमधल्या पुनाखा झोंगमध्ये ही सवयच आड येते. तट, दरवाजा, देवडी, मधोमध उंच बुरुजासारखी इमारत, सगळं ओळखीचं दिसतं. पण हा किल्ला ओस पडलेला नाही. पुढच्या चौकात जिल्ह्याची कचेरी चालते, मागच्या बाजूला भिक्षू राहतात, आणि ज्याने हा बांधला त्याचा देह आतल्याच एका मंदिरात ठेवलेला आहे. आपण एकाच वेळी कचेरीत, मठात आणि समाधिस्थानी पाऊल टाकत असतो. पुढे जे काही सांगतो आहे ते सगळं यातूनच येतं.

आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर आत फक्त रंगीत लाकूड दिसेल.

तिबेटमधून आलेल्या झाबद्रुंग न्गावांग नामग्याल या द्रुक्पा काग्यू पंथाच्या लामाने 1637-38 मध्ये पुनाखा झोंग बांधला. आपल्याकडे तेव्हा निजामशाही नुकतीच बुडाली होती, शहाजीराजे आदिलशाहीत गेले होते आणि शिवाजीराजे सात-आठ वर्षांचे होते. त्याआधी 1629 मध्ये झाबद्रुंगाने थिंफूजवळ सिमतोखा झोंग उभारला होता. स्वारी करणाऱ्या तिबेटी फौजा आणि देशातले विरोधी लामा, अशा दोन आघाड्यांवर तो लढत होता, म्हणून मठ आणि गढी त्याने एकाच भिंतीत घातली. राज्य, धर्म आणि दारूगोळा एका छपराखाली ठेवण्याची ही रीत मग भूतानभर पसरली. पुनाखा 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशाची राजधानी होतं. 17 डिसेंबर 1907 रोजी उग्येन वांगचुक भूतानचे पहिले राजे झाले ते इथेच. ब्रिटिशांशी 1910 चा तह इथेच झाला. सध्याचे राजे जिग्मे खेसर आणि राणी जेत्सुन पेमा यांचं लग्नही 13 ऑक्टोबर 2011 रोजी याच झोंगमध्ये लागलं.

पहिली पायरी: कागद

भारतीयांना भूतानसाठी व्हिसा लागत नाही, पण प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी दोनच ओळखपत्रं चालतात: किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र. आधार कार्ड चालत नाही. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला वेगळं वाचून दाखवा, कारण सीमेवर येऊन अडकणाऱ्यांत बहुतेकांची गोष्ट हीच असते. अठरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला, तोही मूळ प्रत, आणि बरोबर आई किंवा वडील.

दुसरा खर्च म्हणजे शाश्वत विकास शुल्क. सप्टेंबर 2022 पासून भारतीय प्रवाशाला माणशी दर रात्री ₹1,200 भरावे लागतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. चौघांच्या कुटुंबाचा पाच रात्रींचा हिशेब मांडून बघा, म्हणजे ‘भूतान स्वस्त आहे’ हे जुन्या प्रवाशांचं वाक्य का विसरायचं ते कळेल. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा तिकिटं काढण्याआधी भूतानच्या पर्यटन विभागाच्या संकेतस्थळावर ताजे दर बघा आणि परवान्याचा अर्जही तिथूनच ऑनलाइन करा.

अर्जात कुठे कुठे जाणार ते लिहावं लागतं. तिथे थिंफू आणि पारोच्या जोडीला पुनाखा हे नाव आठवणीने घाला. थिंफूहून पुनाख्याला जाताना होंगत्शो नावाच्या नाक्यावर कागद तपासतात. मुंबई-पुण्याच्या सहल कंपनीबरोबर जात असाल तर हे काम तेच करतात, तरी परवान्याची छापील प्रत स्वतःच्या पिशवीत ठेवा. गट बसमध्ये आणि कागद सहलप्रमुखाबरोबर दुसऱ्या गाडीत, हा प्रकार नाक्यावर कुणालाच परवडत नाही.

दुसरी पायरी: पोहोचायचं कसं

विमानाने थेट पारोला उतरता येतं. दिल्ली आणि कोलकात्याहून ड्रुकएअरची विमानं जातात. पारोचा विमानतळ डोंगरांच्या बेचक्यात असल्यामुळे विमानं दिवसाउजेडीच आणि हवा बघूनच उतरतात. परतीच्या पुढच्या विमानाशी वेळेची ओढाताण होईल असं आरक्षण करू नका.

स्वस्तातला रस्ता म्हणजे बागडोगऱ्यापर्यंत विमान किंवा हासीमारापर्यंत रेल्वे, तिथून जयगाव. जयगावच्या बाजारातून एक फाटक ओलांडलं की पलीकडे भूतानचं फुंतशोलिंग. फाटकाच्या अलीकडे हॉर्न, पलीकडे शांतता. हा फरक सगळ्यांनाच जाणवतो. घड्याळ अर्धा तास पुढे करा. फुंतशोलिंग ते थिंफू सुमारे दीडशे किलोमीटर, घाटाचा रस्ता, चार ते पाच तास. त्याच दिवशी पुनाखा गाठायचा हट्ट धरू नका.

थिंफू ते पुनाखा अंतर जेमतेम पंचाहत्तर किलोमीटर, पण वेळ अडीच ते तीन तास. थिंफू साधारण 2,300 मीटरवर. तिथून रस्ता 3,100 मीटरच्या दोचुला खिंडीपर्यंत चढतो आणि मग 1,200 मीटरपर्यंत सरळ उतरत जातो. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी गोळी थिंफूतच घ्यावी, वळणं सुरू झाल्यावर नव्हे. खिंडीत स्वेटर लागतो आणि पुनाख्यात तो काढावासा वाटतो, म्हणून कपडे एकावर एक घाला.

दोचुलाला सगळे थांबतात ते हिमशिखरांसाठी. हवा स्वच्छ असेल तर ती दिसतात, नसेल तर धुकं. पण तिथे 108 छोर्तेन आहेत, ते का बांधले ते विचारा. डिसेंबर 2003 मध्ये भूतानच्या सैन्याने दक्षिण सीमेवरच्या जंगलात तळ ठोकून बसलेल्या आसामी बंडखोरांना हुसकावून लावलं. त्यात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ राजमाता आशी दोर्जी वांगमो वांगचुक यांनी हे स्तूप उभारले. भारतीय प्रवाशाने तिथे दोन मिनिटं तरी फोन खाली ठेवावा.

तिसरी पायरी: दिवस आणि वेळ

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते एप्रिल हे चांगले महिने. वसंताच्या शेवटी झोंगच्या बाहेर नदीकाठी जॅकरांडाची झाडं जांभळी होतात आणि पांढऱ्या भिंतीपुढे ती फार शोभतात. पावसाळ्यात दरडींचा धोका असतो, मी तरी नवख्या माणसाला जून ते ऑगस्ट सुचवणार नाही.

थंडीत एक वेगळी गोष्ट घडते. थिंफूच्या ताशीछो झोंगमधले मध्यवर्ती संघाचे भिक्षू, त्यांचे प्रमुख जे खेन्पो यांच्यासह, उबदार हवेच्या पुनाख्यात मुक्कामाला येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातात. राजधानी हलली तरी ही रीत मोडलेली नाही. या महिन्यांत झोंग भिक्षूंनी भरलेला असतो, म्हणजे खऱ्या अर्थाने तो तेव्हा बघावा. पण पूजेच्या वेळी काही मंदिरं बंद असू शकतात आणि भेटीच्या वेळाही आखडतात. आदल्या संध्याकाळी गाइडला किंवा हॉटेलात विचारून घ्या. माझं मत विचाराल तर थिंफूहून सकाळी येऊन संध्याकाळी परत, ही धावपळ करू नका. पुनाख्यात एक रात्र काढा आणि झोंग सकाळी बघा.

उत्सवाचं म्हणाल तर भूतानी पंचांगाच्या पहिल्या महिन्यात, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, पुनाखा द्रुबछेन आणि त्याला लागून त्शेचू होतो. त्शेचूतले मुखवट्यांचे नाच भूतानमध्ये सगळीकडे दिसतात, द्रुबछेनमधलं लढाईचं सोंग मात्र इथलंच. झाबद्रुंगाकडे ‘रांगजुंग खारसापाणी’ नावाचा अत्यंत पवित्र अवशेष होता आणि तिबेटी फौजा तो मिळवण्यासाठी चालून आल्या होत्या. कथा अशी की झाबद्रुंगाने सगळ्यांसमक्ष तो नदीत टाकल्याचं सोंग केलं. शत्रूला वाटलं, ज्यासाठी आलो तेच गेलं, आणि फौज माघारी फिरली. अवशेष त्याच्या बाहीतच होता! द्रुबछेनमध्ये गावोगावचे पुरुष पझाप, म्हणजे त्या काळचे शिपाई, होऊन जुन्या वेशात येतात, आरोळ्या देतात, आणि मिरवणूक नदीपर्यंत जाऊन तो प्रसंग पुन्हा घडवते. गनिमी काव्याच्या गोष्टींवर वाढलेल्या प्रेक्षकाला हे सोंग बघायला मजा येते. मात्र उत्सवात हॉटेलं महिनोन् महिने आधी भरतात.

चौथी पायरी: अंगावर काय, पिशवीत काय

पूर्ण बाह्या, पूर्ण लांबीची पँट किंवा सलवार, शक्यतो कॉलर असलेला शर्ट. साडी उत्तम. बर्म्युडा, बिनबाह्यांचा टॉप, फाटकी जीन्स घालून आलात तर दारावरूनच परत पाठवतील, आणि ते बरोबरच आहे. आत टोपी चालत नाही. डोक्यावरून ओढणी किंवा पदर घेणं आपल्याकडे आदराचं, पण इथे डोकं उघडं ठेवणं आदराचं. उन्हासाठी छत्री उघडली असेल तर दाराशी मिटा.

भूतानी माणसं झोंगमध्ये जाताना अंगावर पट्टा घेतात. पुरुषांचा तो कबने, बायकांचा राचू. पुरुषांच्या कबनेच्या रंगावरून माणसाचं पद कळतं: सामान्य नागरिकाचा पांढरा, केशरी-पिवळा फक्त राजा आणि जे खेन्पो यांचा. पाहुण्याला हा पट्टा सक्तीचा नाही. पण कचेरीत साध्या दाखल्यासाठी आलेला शेतकरीही पांढरा कबने नीट घेऊन आलेला दिसतो, तेव्हा आपला टी-शर्ट आपल्यालाच खुपतो.

मंदिरात बूट काढावे लागतात, तेव्हा नाड्यांचे उंच बूट टाळा आणि मोजे घाला. लाकडी फरशी सकाळी फार गार असते. सुट्ट्या नोटा ठेवा, दानपेटीसाठी. भूतानचा न्गुलत्रुम आणि आपला रुपया सारख्याच किमतीचे आहेत, रुपये सहज चालतात. मोठ्या दुकानांत यूपीआयही चालतं, पण मंदिरात आणि रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर त्यावर विसंबू नका. तंबाखू, मावा, सिगारेट गाडीतच राहू द्या. भूतानी लोक स्वतः दोमा, म्हणजे चुना लावलेलं सुपारीचं पान, आवडीने खातात, पण तेही झोंगच्या आत थुंकत नाहीत. ड्रोन भारतातूनच आणू नका.

पाचवी पायरी: पुलापासून आतपर्यंत

गाडी रस्त्यावर थांबते ती मो छू नदीच्या काठी. लगेच पूल ओलांडू नका. रस्त्याने थोडं दक्षिणेला गेलं की समोर संगम दिसतो: पश्चिमेकडून मो छू, पूर्वेकडून फो छू, आणि दोहोंच्या मधल्या जिभेवर झोंग. मो म्हणजे आई, फो म्हणजे बाप. जलदुर्गाचा विचार करणाऱ्याला जागेची निवड इथूनच समजते: तीन बाजूंनी पाणी, लक्ष ठेवायला एकच वाट. हेच पाणी पुढे संकोश नावाने आसामात उतरून ब्रह्मपुत्रेला मिळतं.

पाण्याने राखलं तसं पाण्याने मारलंही. 7 ऑक्टोबर 1994 रोजी वरच्या लुनाना भागातलं लुग्ये हिमसरोवर फुटलं आणि फो छूला आलेल्या लोंढ्यात वीसहून अधिक माणसं गेली, झोंगचंही नुकसान झालं. त्याच्या आधी 1986 मध्ये मोठी आग लागली होती, 1897 च्या भूकंपाचा तडाखा बसला होता, आणि त्याहूनही आधी कितीतरी आगी. तेव्हा आत दिसणारं सगळं साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीचं लाकूड आहे असं समजू नका. बरंचसं काम नव्याने, पण जुन्याच हाताने झालेलं आहे. डोंगरउतारावरच्या दगडी बांधकामावर चुना मारून पाटी लावणाऱ्या आपल्या डागडुजीशी मनात तुलना होते. ती मनातच ठेवलेली बरी.

आता पूल. लाकडी झाकलेला हा पूल 2008 मध्ये जुन्या धाटणीने पुन्हा बांधला. मूळ सतराव्या शतकातला पूल विसाव्या शतकात पुराने वाहून गेला होता. खाली बघा, मासे दिसतात. पुलापलीकडे तिकीट आणि कपड्यांची तपासणी, मग उंच लाकडी जिना. हा जिना चढायला कठीण आहे आणि तो मुद्दाम तसा केलेला आहे. वेळ पडली तर तो काढून घेता यावा आणि वरचा जाड दरवाजा लावून घेता यावा, अशी योजना होती. गुडघेदुखीवाल्यांनी कठडा धरून सावकाश चढा, उतरताना आणखी सावकाश.

दरवाजाच्या देवडीत चार दिशांचे चार रक्षक राजे भिंतीवर रंगवलेले असतात, जवळच भवचक्राचं चित्र. बहुतेक गट इथून झपाट्याने पुढे जातात, तुम्ही थांबा. चक्राच्या मधोमध कोंबडा, साप आणि डुक्कर एकमेकांची शेपटी धरून आहेत: लोभ, द्वेष, मोह. बाहेरच्या फेऱ्यात अविद्येपासून जरामरणापर्यंतच्या बारा पायऱ्या. बौद्ध विचार माहीत असलेल्याला हे चित्र पुस्तकासारखं वाचता येतं, आणि महाराष्ट्रात तसे वाचक पुष्कळ आहेत. आपल्या अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात ओसरीवर याच विषयाच्या चित्राचे अवशेष आहेत, ते आठवून इथलं पूर्ण चक्र बघा.

आत तीन चौक, एकामागून एक. पहिला मोठा, त्यात पांढरा छोर्तेन आणि बोधिवृक्ष. भोवतीच्या खोल्या जिल्हा प्रशासनाच्या. फायली घेऊन लोक जा-ये करत असतात, त्यांच्या वाटेत उभं राहून फोटो काढू नका. छोर्तेनला उजवी घालून जा. प्रार्थनाचक्रं फिरवायची तर उजव्या हाताने, घड्याळाच्या दिशेने. छज्जाखाली बहुतेक वेळा आग्या मोहोळं लोंबताना दिसतात. त्यांना कुणी हटवत नाही, तुम्हीही डिवचू नका.

पहिल्या आणि दुसऱ्या चौकाच्या मध्ये उत्से, सहा मजली मधली इमारत. हाच बालेकिल्ला. वर जायला पाहुण्यांना परवानगी नसते. पण खालूनच खिडक्यांची कोरीव चौकट आणि तुळयांची टोकं बघण्यात अर्धा तास कसा जातो ते कळत नाही. या बांधकामाची एक गोष्ट गाइड सांगतीलच: झोवे पालेप नावाच्या सुताराला झाबद्रुंगाने गुरू पद्मसंभवाच्या, म्हणजे भूतानात बौद्ध धर्म नेणाऱ्या आचार्याच्या, मूर्तीपुढे झोपायला सांगितलं, त्याला स्वप्नात गुरूचा स्वर्गीय महाल दिसला, आणि कागदावर रेघही न ओढता त्याने तो इथे उभा केला. दुसरा चौक भिक्षूंच्या राहण्याचा. उघड्या दारातून आत डोकावायचं नाही, लहान भिक्षूंना न विचारता फोटोत घ्यायचं नाही.

तिसऱ्या चौकात शेवटी कुएनरे, सभामंडप. त्याला शंभर खांबांचा म्हणतात, प्रत्यक्षात खांब चोपन्न आहेत. खांबांवर सोन्याचा मुलामा चढवलेली नक्षी, समोर तीन भव्य मूर्ती: बुद्ध, गुरू पद्मसंभव आणि झाबद्रुंग. भिंतींवर बुद्धाच्या जीवनातले बारा प्रसंग. डावीकडून सुरुवात करा, लुंबिनीपासून महापरिनिर्वाणापर्यंत चित्रं आपोआप क्रमाने लागतात. इथे फोटो नाहीत. मूर्तीकडे बोट दाखवायचं नाही, दाखवायचंच असेल तर तळवा वर करून हात पुढे करा. बसलात तर पाय मूर्तीकडे पसरू नका. भिक्षू कलशातून पाणी हातावर घालतील. ते तीर्थच आहे, थोडं पिऊन उरलेलं डोक्याला लावायचं. पाठ करून बाहेर न पडता दोन-तीन पावलं मागे सरकून मग वळतात.

याच चौकातल्या माछेन ल्हाखांगमध्ये झाबद्रुंगाचा देह आहे. तो 1651 मध्ये ध्यानाला बसला आणि परत बाहेर आला नाही. तो वारल्याची बातमी राज्यकर्त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ दाबून ठेवली. गुरू साधनेत आहेत, एवढंच लोकांना सांगत राहिले. राज्य फुटू नये म्हणून. आत राजा, जे खेन्पो आणि सेवेतले मोजके भिक्षू सोडून कुणी जात नाही. ‘थोडंसं बघून येतो’ म्हणून गाइडला गळ घालू नका, त्याच्या हातात ते नाही. बंद दाराबाहेरून नमस्कार करून निघायचं.

सगळं नीट बघायला दीड ते दोन तास ठेवा. सहलीच्या पत्रकात चाळीस मिनिटं लिहिलेली असतील तर निघण्याआधीच सहलप्रमुखाशी भांडून घ्या.

बाहेर आल्यावर

झोंगच्या मागून पायवाट फो छूवरच्या झुलत्या पुलाकडे जाते. दीडशे मीटरांहून लांब, पताकांनी भरलेला. वारा दुपारनंतर वाढतो आणि पूल चांगलाच हलतो, म्हणून उंचीची भीती असणाऱ्यांनी सकाळीच जावं. जवळच्या सोप्सोखा गावातून शेतांमधून चालत गेलं की छिमी ल्हाखांग लागतं. वेड्या सिद्धाचं, द्रुक्पा कुनलेचं हे मंदिर. मूल व्हावं म्हणून जोडपी इथे येतात. वाटेतल्या घरांच्या भिंतींवर लिंगाची मोठमोठी चित्रं रंगवलेली असतात. आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं एकाच गाडीत असतील तर गाइडला आधीच सांगून ठेवा की समजावून सांगण्याचं काम त्याचं.

जेवायला लाल भात आणि एमा दात्शी मागवा. ही मिरचीची भाजी आहे, चीजमध्ये शिजवलेली. मिरची मसाला म्हणून नव्हे, भाजी म्हणूनच असते. कोल्हापूरकरांनीही पहिला घास जपून घ्यावा. शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं, पण मटणाचा रस्सा घातलेला नाही ना ते विचारून घ्या.

थिंफूला त्याच दिवशी परतणार असाल तर तीनच्या आत निघा. दोचुलावर संध्याकाळी धुकं दाटतं आणि चढावर ट्रकच्या मागे अडकलात की रात्र होतेच.